मामांचं एक वाक्य

तिकिटं काढायची नाहीत, एवढंच मी ठरवलं होतं. त्यातून पुढे जे झालं, त्याने आमच्या काशिमेडूच्या घरात आठ दिवस कोणी धड बोलत नव्हतं.

माझे सासरे एळुमलै, म्हणजे आमचे मामा, तरुणपणी बॉक्सिंग करायचे. पुढे बंदरात ओझी उचलली, गुडघे गेले, मामी गेल्या आणि ते आमच्याकडे राहायला आले. गेल्या वर्षी बॉक्सिंगवरच्या एका सिनेमावाल्यांनी त्यांना म्हाताऱ्या उस्तादाचं काम दिलं. वाक्य एकच. हिरो खाली पडतो, तेव्हा रिंगच्या कडेने म्हणायचं. ते वाक्य मामांनी घरात कधी कोणाला ऐकवलं नाही. “पडद्यावर ऐका,” म्हणायचे. (मोरीत घोकायचे, पण नळ सोडून.)

सिनेमा लागला. बायको, पूंगोडी, म्हणाली, “अहो, रविवारची तिकिटं काढा. सगळे जाऊ.”

आमच्या ऑफिसातल्या दामोदरनच्या पेनड्राइव्हमध्ये तो सिनेमा शुक्रवारीच आला होता. मी म्हटलं, “मामांचे गुडघे, तिथले जिने... घरीच टीव्हीवर बघू. शेजारीही येतील.” (गुडघ्यांची मला एवढी काळजी यापूर्वी कधी वाटली नव्हती.)

शनिवारी संध्याकाळी अख्खी आळी आमच्या घरात. मामा इस्त्रीचा शर्ट घालून पुढच्या खुर्चीत. कोणीतरी थिएटरात लपून मोबाइलवर काढलेली कॉपी होती ती. चित्र तिरकं, आवाज विहिरीतून आल्यासारखा. तरी लोक बघत होते. हिरो पडला. मामांनी खुर्चीचे हात घट्ट धरले.

आणि त्या थिएटरातला एक माणूस उठून उभा राहिला. पडदाभर त्याची पाठ. चौकड्यांचा शर्ट. शेजारी कोणीतरी दमेकऱ्यासारखं खोकलं. माणूस बाजूला झाला तेव्हा हिरो उठून मारामारी करत होता.

“झालं का तुमचं काम?” शेजारच्या सेल्वीअक्कांनी विचारलं.

“झालं,” मामा म्हणाले आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडले. जेवले नाहीत.

मी दाराशी जाऊन म्हटलं, “मामा, उद्या थिएटरात जाऊ.”

“राहू द्या, जावईबापू. चाळीस वर्षं कोणी बघितलं नाही, आजही नाही बघितलं.”

रविवारी आमच्या थिएटरवर दुसरंच पोस्टर होतं. मॅनेजर म्हणाला, “रिकाम्या खुर्च्यांना किती खेळ दाखवू? सगळ्यांनी मोबाइलवर बघितलाय.” त्याच सिनेमावाल्यांच्या पुढच्या सिनेमात मामांना मोठं काम मिळणार होतं. तो सिनेमाच रद्द झाल्याचा फोन बुधवारी आला. पूंगोडीने माझं ताट वाढलं आणि शांतपणे म्हणाली, “तुमच्यासारखे हुशार गावात पुष्कळ निघाले.”

शेवटी लांब तिरुवळ्ळूरला एका जुन्या थिएटरात दुपारचा खेळ उरलाय असं कळलं. रजा टाकून मामांना घेऊन गेलो. आत आम्ही धरून सात माणसं. हिरो पडला. पडद्यावर मामांचा चेहरा आला, भिंतीएवढा. शेजारी मामा श्वास धरून बसले होते. मला भरून आलं. पूंगोडीला दाखवावं म्हणून मी मोबाइल वर धरला.

त्याच क्षणी मागून कॉलर धरली गेली. “चोर सापडला,” डोअरकीपर ओरडला. मॅनेजर बॅटरी घेऊन धावत आला.

“अहो, पडद्यावर आहेत ते माझे सासरे आहेत,” मी म्हणालो.

“सगळ्या चोरांचे सासरे पडद्यावरच असतात.” त्याने मामांच्या तोंडावर बॅटरी मारली. “आजोबा, हा तुमच्याबरोबर आहे का?”

मामांनी पडद्यावरची नजर काढली नाही. “नाही. मी ओळखत नाही.”

मला बाहेर काढलं, मोबाइलमधलं सगळं पुसलं, माफीनामा लिहून घेतला. त्या गडबडीत मामांचं वाक्य काही माझ्या कानावर पडलं नाही.

खेळ पूर्ण संपल्यावर मामा लंगडत बाहेर आले. पायरीवर बसलेल्या मला त्यांनी विचारलं, “काशिमेडूकडे जायची बस इथूनच सुटते ना, साहेब?”

मी हो म्हणालो. बसमध्ये ते पुढे बसले, मी मागे.