राजांनी समुद्र वारंवार पाहिला त्या स्वारीची हकीकत

श्रीगणरायास आधी नमस्कार, मग वाटेतील खड्ड्यांस नमस्कार, कारण या दोघांच्या मर्जीवाचून किनाऱ्याच्या वाटेने कोणाचीही स्वारी पुढे सरकली नाही. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, मार्गशीर्ष मास, शुद्ध पक्ष. संवत्सराचे नाव पंचांगकर्त्यांनी ठेविले खरे, परंतु ते त्या दिवशी राणीसाहेबांस जैसे लागू पडले तैसे आणिक कोणास पडले नसेल.

एक राज्य होते, त्याचे नाव सांगण्याची आज्ञा नाही. राज्यात माणसे चारच. राजे भालचंद्रपंत, जे नोकरीतून निवृत्त जाहले, हुकूम सोडण्यातून न जाहले, राणी इंदुमतीबाई, युवराज हेरंबराव, ज्यांचे हाती गाडीचे चाक, आणि सूनबाई केतकीबाई, ज्यांचे हाती फोन. राणीसाहेबांचे माहेर समुद्रकाठी मौजे सुरंगवाडी, खाडीच्या अलीकडल्या तीरी, अगदी रस्त्यास लागून. तेथे त्यांचे थोरले बंधू मोरूदादा राहतात. फार वर्षांपूर्वी दादांचे मुलाची मुंज जाहली, आणि पंगतीत रांगोळी घातलेला पहिला पाट घरच्या जावयाचा, ऐसा त्या घरचा रिवाज असता, धांदलीत तो पाट कोणी मामलेदारास दिला आणि राजांस खांबाआड सतरंजीवर बसविले. राजे तेथेच जेवले, मठ्ठाही मागून मागून प्याले, आणि मग रुसले. ते आजतागायत त्या उंबऱ्यास पाय लाविला नाही. राणीसाहेब एकट्या जाऊन येत, पुढे गुडघे गेले आणि एस.टी.ची पायरी चढवेना, तेव्हा तेही राहिले. यंदा भाद्रपदात दादा न्हाणीघरात घसरून पडले, बहुत दिवस अंथरुणास खिळले, आता काठी टेकीत ओटीपर्यंत येतात, ऐसे वर्तमान फोनवरून कळले. तेव्हा राणीसाहेबांनी भाजणीच्या चकल्यांचा डबा भरिला आणि दादास एकवार डोळ्यांनी पाहीन म्हणून बोलल्या. राजे वदले, वाटेवर असले तर बघू. वाटेवर तर होतेच, गाव उचलून कोणी नेणार नव्हते.

मग सकाळी कूच जाहले. संध्याकाळी खाडीवर शेवटची फेरीबोट, पलीकडे खोली राखून ठेविलेली, मध्ये दिवस मोकळा, तेव्हा दुपारी दादांकडे चहास सहज पोहोचू ऐसा राणीसाहेबांचा हिशेब होता. परंतु घाट उतरताच पाटी आली, अमुक पॉइंट, आणि राजांनी थांबण्याची आज्ञा केली. राजे उतरले, हात पाठीमागे बांधिले, समुद्राकडे पाहिले आणि वा म्हणाले. मग केतकीबाईंनी सर्वांस फोटोसाठी उभे केले, उन्हाकडे तोंड करविले, डोळे मिटले म्हणून पुन्हा उभे केले, आणि मग गाडीत बसण्यापूर्वी प्रत्येकाने पाय धुवावे, चपला झटकाव्या, वाळूचा कण आत येता कामा नये, ऐसी राजाज्ञा असल्याने समुद्र पाहण्यास जितका वेळ लागला त्याहून अधिक तो पायांवरून उतरविण्यास लागला. आणि निघता निघता राजांनी पुढूनच तळहात मागे केला. त्यावर चकली ठेवावी, ऐसा त्याचा अर्थ. राणीसाहेबांनी ठेविली.

पुढे दीपगृह आले, ते चारास उघडते ऐसे कळले, तरी राजांनी त्याची भिंत चोहोंकडून पाहिली. पुढे पाण्यातला किल्ला आला, ओहोटीमुळे होडी जात नव्हती, तेव्हा तो काठावरून पाहिला आणि बांधकाम मजबूत आहे ऐसा अभिप्राय दिला. पुढे खडकास भोक पडून पाणी उडते ते स्थळ आले, तेथे पाणी उडेना, म्हणून ते उडेपर्यंत सारे राज्य उन्हात तिष्ठत राहिले. आणि प्रत्येक ठिकाणी तोच समुद्र, तेच वा, तेच पाय धुणे आणि तोच मागे आलेला तळहात. युवराजांचाही आला. डबा हलका होत चालला. राणीसाहेब मनात म्हणाल्या, या माणसाने जन्मात दळणाच्या गिरणीवर पाच मिनिटे कळ काढिली नाही, आणि आज एका भोकापुढे तासभर उभा राहतो. मग त्यांस उमजले. राजांस समुद्राची गोडी लागली नव्हती, राजे दिवस संपवीत होते. तिन्हीसांजेस सुरंगवाडी यावी, बोट सुटण्याची घाई व्हावी, आणि आता कुठला वेळ म्हणून गाडी दादांच्या दारावरून पुढे जावी, हा डाव होता. संताप ऐसा आला की चष्म्याच्या काचेवर वाफ धरली. त्यांनी युवराजांस हळूच म्हटले, आता थेट सुरंगवाडीस चल, तर युवराज म्हणाले, बाबांना विचार. एवढा मोठा घोडा, अजून बाबांना विचार.

अखेर सूर्य कलला. सुरंगवाडीचे वळण आले आणि राजांनी घड्याळ पाहून मोठा उसासा टाकिला, की बोट गाठायची म्हणजे आता थांबणे नाही, येताना बघू. येताना दुसऱ्या रस्त्याने यावयाचे होते, हे सर्वांस ठाऊक होते. तेव्हा राणीसाहेब बोलल्या. आवाज चढविला नाही.

"हेरंबा, गाडी थांबव. पॉइंट आला."

राजे म्हणाले, इथे कसला पॉइंट, पाटी कुठे आहे.

"दिवसभर तुमचे बघितले. हा माझा आहे. थांबव, नाहीतर चालत्या गाडीतून उतरते आणि मग गुडघ्याचे काय होते ते तुम्ही निस्तरा."

युवराजांनी बाबांस न विचारता ब्रेक दाबिला. राणीसाहेब दार धरून उतरल्या, डबा काखेत घेतला आणि कुंपणाच्या बेड्याकडे चालू लागल्या. राजे हलले नाहीत. काच वर करून समोर पाहत बसले. ओटीवर मोरूदादा होते, आधीच्या निम्मे उरलेले. त्यांनी बहिणीस पाहिले, मग तिच्या खांद्यावरून गाडीकडे पाहिले, आणि काठी टेकीत आत गेले. इतके करून आलो आणि हाही रुसला, दोन्हीकडचे पुरुष सारखेच मेले, ऐसे राणीसाहेबांस जाहले. तोच दादा बाहेर आले. एका हाती काठी आणि दुसऱ्या काखेत पाट. वहिनी मागून धावल्या, मी नेते म्हणाल्या, त्यांस दिला नाही. अंगण ओलांडून, बेडे ओलांडून, रस्त्यावर गाडीच्या दारापाशी गेले आणि पाट तांबड्या धुळीत मांडिला. मग काठीच्या टोकाने त्याभोवती धुळीतच रेघ ओढिली, वाकडीतिकडी, रांगोळीच्या जागी.

"पंत, पंगत संपलेली नाही हो. बसा."

राजांनी काच खाली केली. पाट पाहिला, रेघ पाहिली, आणि काठीवर भार देऊन उभ्या दादांकडे पाहिले. मग उतरले, आणि हमरस्त्यावर, मागून एस.टी. भोंगा वाजवीत असता, मांडी घालून पाटावर बसले. बसले ते उठेनात. ड्रायव्हर ओरडला तरी उठेनात. डोळे पुसावयास रुमाल मिळेना म्हणून बसून राहिले, हे फक्त राणीसाहेबांस कळले, आणि इतकी वर्षे फुकट घालविल्याचा त्यांस नव्याने राग आला.

मग बोट गेली, पलीकडली खोली गेली आणि राजे ओटीवर दादांशी मामलेदाराची निंदा करू लागले, ते ऐसे रंगले की बहिणीस भावाशी बोलावयास जागा मिळेना. अखेर तिने मध्ये घुसून डबा दादांपुढे उघडिला. आत चुरा आणि दोन तुकडे. सर्वांनी खाल्ल्या, ती म्हणाली, आणि बोटाने चुरा गोळा करू लागली. दादांनी एक तुकडा तोंडात टाकिला आणि बराच वेळ घोळवीत राहिले.

"बरे केलेस गो इंदू. अखंड आणली असतीस तर चावली नसती. दात कुठे आहेत मला?"

येणेप्रमाणे त्या स्वारीत राजांनी समुद्र पुष्कळ पाहिला आणि राणीसाहेबांनी स्थळ एकच पाहिले. त्याचा फोटो नाही, कारण फोनची बॅटरी त्या खडकाच्या भोकापाशीच संपली होती. माहेरवाशिणीचा डबा रिकामा पाठवू नये म्हणून वहिनींनी तो फणसाच्या वाळविलेल्या साठांनी भरून दिला. दुसरे दिवशी कूच होताच राजांनी नित्याप्रमाणे तळहात मागे केला. राणीसाहेबांनी डबा मांडीवर घट्ट धरिला आणि खिडकीतून समुद्र पाहू लागल्या. तळहात पुढला पॉइंट येईतोवर तैसाच राहिला.