गंज शिकणारे तायडे काका

तायडे काका लॅपटॉपवरून उठले की साबण लावून कोपरापर्यंत हात धुतात. त्याआधी जुन्या बनियनच्या चिंधीला एकेक बोट पुसतात. चिंधीला काहीच लागत नाही, हात मुळातच स्वच्छ असतात, पण धुतल्याशिवाय ते चहाच्या कपाला शिवत नाहीत.

"काम केलं का हात धुवाच लागते, सर," असं ते मला सांगतात.

आतून काकूंचा आवाज येतो, "जवा हात काळे होत होते तवा तसेच जेवाले बसत. आता धुऊन राहिले!"

काका अकोल्याच्या बस डेपोतून हेड मेकॅनिक म्हणून निवृत्त झाले. मी त्यांचा शेजारी. अमरावतीच्या एका कॉलेजात संगणक शिकवतो, रोज गाडीने अप-डाऊन करतो. अठरा वर्षं शिकवतोय, म्हणजे खरं सांगायचं तर एक वर्ष शिकवलं आणि सतरा वर्षं तेच पुन्हा वाचून दाखवलं. त्यामुळे एका रविवारी काका लेकीचा जुना लॅपटॉप काखेत मारून आले आणि "प्रोग्रामिंग शिकाचं हाय," म्हणाले, तेव्हा मला आनंदापेक्षा धास्तीच वाटली.

"सोपी भाषा घ्या एखादी," मी म्हणालो.

"भाषा घेतली म्या. रस्ट."

मी सांगून पाहिलं की ही भाषा नवशिक्याची नाही. यंत्राच्या पोटातली कामं करायला ती वापरतात. लिहिलेलं आधी कंपायलरकडे जातं, तो सगळं तपासतो, एक चूक सापडली तरी अडवतो, आणि सगळं नीट असेल तरच मशीनच्या भाषेत करून देतो.

"म्हंजे पासिंगवाला साहेब. गाडी रस्त्यावर निंघाच्या आधीच सारं पाहून घेते." माझ्या तिसऱ्या वर्षाच्या पोरांना एवढं नीट सांगता येत नाही. "आन सर, म्या नाव पाहूनच घेतली. रस्ट म्हंजे गंज. सारी जिंदगी गंजच तं काढला. ओयखीची वस्तू हाय."

त्या दिवसापासून कंपायलरचं नाव 'साहेब' पडलं.

पहिले चार दिवस साहेब जागेवरच आला नाही. भाषा उतरवून घेतली होती, पण तयार झालेले तुकडे एकत्र जोडणारा प्रोग्राम, ज्याला लिंकर म्हणतात, तो काकांच्या लॅपटॉपवर नव्हता. लिंकर सापडत नाही, अशी तक्रार पडद्यावर यायची. मी समजावायला तोंड उघडलं तर काका म्हणाले, "समजलं. इंजन आलं, गेअरबॉक्स आला, फिटर सुट्टीवर हाय." फिटर बसवला आणि गाडी सुरू झाली.

पुढची अडचण दोन दिवस टिकली. काका चूक दुरुस्त करत, पण साहेब तीच चूक पुन्हा दाखवी. काकांनी ती ओळ खोडून नवी लिहिली, मग आख्खा प्रोग्राम खोडला, तरी तेच. शेवटी मला हाक आली. मी पाहिलं तर काका लिहीत होते, पण सेव्ह करत नव्हते.

"म्हंजे म्या इकडं नवा टायर बसवून राहिलो, आन साहेब तिकडं जुनीच गाडी पाहून राहिला?"

"हो."

काकांनी लॅपटॉप मिटला. मग उठून हात धुतले.

चुकांचा निरोप ते मोठ्यांदा वाचतात. इंग्रजी त्यांचं इंजिनच्या मॅन्युअलमधलं, पण पक्कं. सकाळी गल्लीत दूध घ्यायला आलेल्या बायकांनाही कळतं की तायडे काकांच्या बाराव्या ओळीत कंस राहिला आहे. एकदा त्रेचाळीस चुका आल्या. मी म्हणालो, घाबरू नका, फक्त सगळ्यात वरची दुरुस्त करा. त्यांनी एक कंस घातला आणि बेचाळीस आपोआप गेल्या.

"एक नट ढिला असला का सारी गाडी वाजते," ते समाधानाने म्हणाले.

रस्टमध्ये मालकीचा एक नियम आहे, ज्यापाशी भलेभले शिकणारे रडकुंडीला येतात. एक वस्तू, एक मालक. ती दुसऱ्याला देऊन टाकली की तुम्हाला वापरता येत नाही. हवी असेल तर आधीच 'उसनी देतो' असं सांगून द्यायची. मी हे शिकवायला एक तास राखून ठेवला होता. काकांना पाच मिनिटं लागली.

"हा नियम आमच्या डेपोत पायजे होता! बारा नंबरचा पाना कोन नेला, कवा वापस करते, कोनाले पत्ता नसे. सर, हा नियम ज्यानं बनवला ना, तो नक्की वर्कशॉपात काम केलेला मानूस हाय."

साहेबाबद्दल त्यांना फार आदर. "छत्तीस वर्सं नोकरी केली, सर. चुका दाखवनारे पायलीचे पन्नास भेटले. हा चूक दाखवते, बोट ठेवून दाखवते, आन खाली लिवते का असं करून पाहा. आवाज चढवत नाई."

मार्चपर्यंत काकांचा प्रोग्राम शंभर ओळींवर गेला. तो गाडीच्या बिघाडाबद्दल प्रश्न विचारी, माणसानं उत्तर टाइप करायचं. सगळं मराठीत. त्यामुळे मी कधी न पाहिलेल्या अडचणी आल्या. मराठी कीबोर्डवरून काकांनी आकडेही मराठी टाकले, साहेबाला ते आकडे वाटेचनात. एकदा शब्दाचा पहिला तुकडा काढायला गेले तर प्रोग्राम चालता चालता धाडकन बंद पडला. आपलं एक अक्षर मशीनच्या लेखी तीन-तीन घरांत बसतं, आणि काकांनी ते मधूनच कापलं होतं.

"देवा! अक्षर कापलं म्या," म्हणून त्यांनी कानाला हात लावले.

सगळ्यात चिवट भानगड धुराची. प्रोग्राम विचारी, काय दिसून राहिलं? काका टाइप करत, धूर. प्रोग्राम म्हणे, हा धूर नाही. आठवडाभर हेच चाललं.

"मी धूर म्हनतो, तो म्हनते धूर नोहे. मंग काय हाय? उदबत्ती?"

मी पाहिलं. शब्द टाइप करून काका एंटर दाबत, आणि मशीन त्या एंटरलाही शब्दाचाच भाग समजे. म्हणजे 'धूर' आणि 'धूर अधिक एंटर', हे दोन वेगळे शब्द. शेवटचं ते न दिसणारं कापून टाकायची एक आज्ञा असते, ती घातली. प्रोग्राम म्हणाला, धूर कोणत्या रंगाचा? काकांनी मला मिठी मारली. अठरा वर्षांत एकाही विद्यार्थ्याने मारली नव्हती.

"पण काका, हे कोणासाठी करताय?" मी विचारलं.

"हाय एक काम," म्हणाले आणि हात धुवायला गेले.

मग एका मंगळवारी ते मला सकाळच्या गाडीत दिसले. मांडीवर कापडी पिशवी, पिशवीत लॅपटॉप. दर मंगळवारी अमरावतीला जातात, हे मला तेव्हा कळलं. "संध्याकाळी कॉलेज सुटलं का या," म्हणून त्यांनी पत्ता दिला.

घर रशीदभाईंचं होतं. काका पोरगेलेसे डेपोत लागले तेव्हा रशीदभाई तिथले मोठे मिस्त्री. पाना कसा धरायचा इथपासून सगळं त्यांनी शिकवलेलं. इंजिनचा आवाज ऐकून, गाडीकडे पाठ करून, ते बिघाड सांगत. आता ऐंशीच्या घरात आहेत, आणि दोन वर्षांपासून त्यांना माणसं आठवत नाहीत.

मी पोचलो तेव्हा काका माझ्यासाठी दारातच थांबले होते. रशीदभाई ओसरीत बाजेवर बसले होते. काकांना पाहून अदबीने म्हणाले, "आइये साब, बैठिये." काका मात्र शिकाऊ पोरासारखे खुर्चीच्या कडेला बसले. त्यांच्या सुनेनं पाणी आणलं. काकांनी लॅपटॉप उघडला आणि पडद्यावरचा पहिला प्रश्न वाचला, "मिस्त्री, मले ओळखलं का?"

रशीदभाईंनी निरखून पाहिलं. "नहीं, भाई."

काकांनी 'नाही' टाइप केलं. पडद्यावर आलं, काही हरकत नाही, चाला गाडी पाहू.

"घाटात गाडी दम तोडून राहिली. धूर कोन्ता?"

"काला!" रशीदभाईंची मान वर झाली. "एअर फिल्टर देखो पहले. जाम होगा. नहीं तो नोझल."

काकांनी टाइप केलं. पडद्यावर आलं, बरोबर, मिस्त्री.

मग निळा धूर झाला, पांढरा झाला, थंडीत सुरू न होणारी गाडी झाली. बाजेवरचा माणूस सरळ बसला, हातवारे करू लागला, एका चुकीच्या उत्तरावर तर त्याने मशीनला चक्क झापलं. काकांनी खाली मान घालून ते उत्तर तिथल्या तिथे दुरुस्त केलं.

"इसको सिखाया किसने?" रशीदभाईंनी विचारलं.

"एक मिस्त्री थे डेपो में."

"अच्छे मिस्त्री होंगे," रशीदभाई म्हणाले.

"बहोत," काका म्हणाले.

अर्ध्या-पाऊण तासाने रशीदभाई थकले, आडवे झाले, आणि आम्ही निघालो.

परतीच्या गाडीत काकांनी लॅपटॉप माझ्याकडे दिला, काही राहिलंय का पाहायला. मी मास्तरच्या सवयीने वरून सुरुवात केली. पहिला प्रश्न, ओळखलं का. उत्तर 'नाही' असेल तर काय म्हणायचं ते नीट लिहिलेलं होतं. 'हो' असेल तर तिथं फक्त एक खूण होती. 'हे अजून लिहायचं आहे' असं सांगणारी ती खूण असते. ती असली तरी साहेब अडवत नाही, पण चालता चालता प्रोग्राम तिथं पोचला की बंद पडतो.

"काका, इथं राहिलंय," मी म्हणालो. "उद्या ते हो म्हणाले, तर प्रोग्राम इथंच बंद पडेल."

काकांनी चष्मा काढला. बाहेर मूर्तिजापूर येत होतं.

"पडू द्या ना, सर," ते म्हणाले. "ते हो म्हनले, तं मंग प्रोग्राम कायले पायजे?"