इनामदारांचा वाकलेला टॉवर

इनामदारांना चहा देण्याआधी त्यांची फर्माईश परत म्हणून दाखवावी लागे. "बिनसाखरेचा, अर्धा कप. रिपीट!" माझी पत्नी सुमन ओट्यापासूनच म्हणे, "बिनसाखरेचा, अर्धा कप, भाऊजी." "रॉजर," म्हणून ते समाधानाने कप घेत आणि स्वतःच्या हाताने दोन चमचे साखर घालत.

त्यांची हयात हवाई दलाच्या वायरलेसवर गेली. तिथे निरोप ऐकणाऱ्याने तो परत म्हणून दाखवायचा आणि नीट पोचला की 'रॉजर' म्हणायचं. निवृत्तीनंतर चंडीगढला आमच्या शेजारी घर घेऊन त्यांनी गच्चीवर हॅम रेडिओचा, म्हणजे हौशी बिनतारी संदेशांचा, टॉवर उभारला. सेक्टरात ते 'रिपीट अंकल'.

सुमन गेली आणि त्यांचं चहाला येणं थांबलं. परत म्हणून दाखवणारं माणूस संपलं, तसा यांचा शेजारही संपला, असं मी मनात धरलं.

मे महिन्यातल्या आंधीत टॉवरला उभं धरणारी एक ताणतार तुटली. सकाळी तो आमच्या झोपायच्या खोलीवर ओणवला होता. ती खोली मी सुमनने ठेवली तशीच ठेवली आहे. इनामदारांनी मला चपला शोधायलाही वेळ न देता बाहेर काढलं.

क्रेनवाला गुरमीत वर बघून म्हणाला, "अंकलजी, मैं चढके खोल दूं? पांच मिनट का काम है."

"टेढे टावर पर कोई नहीं चढेगा. रिपीट!"

"कोई नहीं चढेगा जी."

"किस पर?"

"टेढे टावर पर, मेरे बाप!"

मागच्या गल्लीतली वीज बंद केल्याचं लाइनमनने फोनवर कळवलं. इनामदारांनी त्याला समोर बोलावून तेच पुन्हा वदवून घेतलं. मग माणसाला उंच उचलणाऱ्या पाळण्याची गाडी आली. टॉवरला पाय न लावता, पाळण्यातूनच गुरमीतने क्रेनचा पट्टा अडकवला. आता उरलेल्या तारा सोडायच्या. पट्टा सरकला तर खोली जाणार होती.

"सुमनचा फोटो आत आहे," म्हणत मी फाटकाकडे निघालो.

"प्रोफेसर! आत कोणी जाणार नाही. रिपीट!"

त्या क्षणी मला त्यांचा तिरस्कार वाटला. "कोणी जाणार नाही," मी म्हणालो.

तारा सुटल्या. टॉवर एकदा करकरला, पट्ट्याला लटकत आमच्या कठड्यावरून हळूहळू सरकला आणि रस्त्यावर आडवा झाला.

इनामदार त्याच्याकडे न बघता आमच्या घरात शिरले. मी पोचलो तेव्हा ते सुमनच्या फोटोसमोर ताठ उभे होते.

"टॉवर खाली. घर सुखरूप," ते म्हणाले. मग थांबले. "रिपीट, वहिनी."

ते तसेच वाट पाहत राहिले.

"टॉवर खाली. घर सुखरूप, भाऊजी," मी दारातून म्हणालो.

त्यांनी मान वळवली नाही. हलकेच म्हणाले, "रॉजर."