परबकाकांचा व्हेटो

"कोलंबी नामंजूर. कारण : परवाच बांगडा झाला आहे. — शां. ल. परब."

बाजाराच्या यादीवर लाल पेनने असा शेरा मारून खाली सही ठोकणारा माणूस तुम्ही पाहिला नसेल. सनाबिसच्या आमच्या फ्लॅटमध्ये आम्ही तो दर आठवड्याला पाहतो. मेसमध्ये आम्ही सातजण. मी साताऱ्याचा, ऑफिसात बसणारा. बाकी सगळे कोकणातले. परबकाका कुडाळकडचे आणि वयाने सगळ्यांत मोठे. गेली तीस वर्षं ते बहारीनमध्ये बस चालवतात. कामगारांना सकाळी अस्करच्या कारखान्यांवर पोचवायचं आणि दुपारी परत आणायचं. मासळी तेच आणतात, म्हणून यादी त्यांच्या हाताखालून जाते.

"नुसता खोडून चलणा नाय. कारण लिवन देवक् व्हया," काका सांगतात. "थंय गव्हर्नराकसुद्धा चुकत नाय."

थंय म्हणजे अमेरिकेतल्या एका राज्यात. ते राज्य नेमकं कुठे आहे हे मला आजही नकाशात शोधावं लागतं. काकांना मात्र तिथले आमदार चेहऱ्याने ओळखू येतात. संध्याकाळी अंघोळ झाली की तांदळाच्या डब्याला फोन टेकवून ते तिथल्या विधानसभेचं कामकाज लाइव्ह बघत बसतात. अर्ध्या खुर्च्या रिकाम्या, एक गृहस्थ कलमामागून कलम वाचतोय, आणि काका मन लावून ऐकतायत. कोणी क्रिकेट लावायला सांगितलं तर हात वर करून म्हणायचे, "यल्ला, बाहेर जावा. आज बजेट आसा."

हळूहळू तिथलं सगळं कामकाज आमच्या स्वयंपाकघरात आलं. घरमालकाने एसी दुरुस्त केला नाही, की "बिल कमिटीत मेला." काकांनी खोडलेला जिन्नस परत हवा असेल, तर आम्हा सहांपैकी चौघांनी हात वर करायचे. दोन तृतीयांश. एकदा आम्ही कोलंबीसाठी असे चार हात जमवले. काका शांतपणे म्हणाले, "ओव्हरराईड झाला," आणि स्वतः जाऊन घेऊन आले. वर सोलूनही दिली. हरावं कसं हे त्यांच्याकडून शिकावं.

त्यांचा दुसरा नाद म्हणजे ओळखपत्र. कोणी दाराबाहेर पडलं, की मागून हाक येणारच, "खंय चललंस? कार्ड घेतलंस मां?" समोरच्या कोल्डस्टोअरमध्ये, म्हणजे इथल्या वाण्याकडे, दूध आणायला निघालं तरी हाक चुकत नसे. माझ्या कार्डाची मुदत कधी संपते हे माझ्या ऑफिसपेक्षा त्यांना जास्त पाठ होतं. मी त्यांची भरपूर थट्टा केली. "काका, तिकडे तुम्हाला मत तरी आहे का?" असं सगळ्यांसमोर विचारलं. सगळे हसले, तेही हसले. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

कारण दोनच दिवसांनी ते फोन घेऊन माझ्या खोलीत आले आणि त्यांनी दार लोटून घेतलं. "कोणाक सांगू नको. ह्या पान माका वाचून दाखव."

त्यांची मुलगी ज्योती त्या राज्यात राहते. जावयाची नोकरी गेली, व्हिसाची मुदत संपली, नवा अर्ज कुठेतरी अडकून पडलाय. पान नव्या प्रस्तावाचं होतं. रस्त्यावर गाडी थांबवली, की राज्याच्या पोलिसांनीच कागद विचारायचे. नसले, तर इमिग्रेशनच्या ताब्यात द्यायचं. या कामासाठी पोलिसांचं वेगळं पथक उभारायचं, आणि त्याचे पैसे बजेटात एका ओळीत घातलेले. मी वाचून दाखवलं. काकांनी एकच प्रश्न विचारला, तोही ड्रायव्हरचा. "गाडी कशासाठी थांबवतले? लाइट फुटलेलो असलो तरी?"

"लाइट फुटला असला तरी," मी म्हणालो.

या प्रस्तावाच्या धास्तीने ज्योतीने दोन महिने गाडीला हात लावला नव्हता. पाच वर्षांची नात शेजारणीबरोबर शाळेत जायची. मुलीला गाडी शिकवली काकांनी, सुट्टीवर गेले असताना, कुडाळच्या मैदानात. "आणि आता तीच घरात बसलीहा," ते म्हणाले.

त्या दिवसापासून तांदळाच्या डब्यासमोर आम्ही दोघे बसू लागलो. बजेट मंजूर झालं, पथकाच्या पैशांसकट. काका दोन दिवस जेवले नाहीत. मग एका संध्याकाळी ते स्वयंपाकघरातून ओरडले, "खोडल्यान! ती लाइन खोडल्यान!" गव्हर्नरने बाकीच्या बजेटवर सही केली होती, तेवढी ओळ सोडून. पैसेच नाहीत, म्हणजे पथकही नाही. पण आम्हाला नियम ठाऊक होता. दोन तृतीयांश हात अजून वर जाऊ शकत होते.

ते मतदान गुरुवारी होतं. तोवर मेसमध्ये बातमी फुटलीच होती, त्यामुळे सातहीजण फोनभोवती. पडद्यावर आकडे चढत होते. आकडा थांबला. ओव्हरराईडला दोन मतं कमी पडली होती. मालवणचा नंदू इतक्या जोरात ओरडला, की वरच्या मजल्यावरून कोणीतरी पाय आपटले. काका ओरडले नाहीत. भिंतीला टेकून खाली बसले आणि म्हणाले, "सुटलंय रे. आज सुटलंय." त्यांना रडताना मी पहिल्यांदाच पाहिलं, आणि खरं सांगायचं तर मलाही आवरलं नाही.

शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, चार वाजता व्हिडिओ कॉल आला. तिकडे सकाळ होती. ज्योतीने फोन गाडीच्या डॅशबोर्डवर लावला होता. अर्ज अजून अडकलेलाच होता, पण ती नातीला शाळेत सोडायला निघाली होती. "आजोबा, मम्मी इज ड्रायव्हिंग!" मागून नात ओरडली.

"माका बघू नको गो बाय, रस्त्यार बघ," काका म्हणाले.

"बाबा, तुमी गप ऱ्हवा बघूया," ज्योती हसत म्हणाली.

ते गप्प राहिले. पण प्रत्येक वळणाला, प्रत्येक सिग्नलला, सनाबिसच्या फरशीवर त्यांचा अनवाणी उजवा पाय ब्रेक दाबत होता. शाळा येईपर्यंत.