अपूर्वचं दुसरं बारसं

"नाव सुचवावं तर वसुंधरेनेच!" असं वसुंधराबाई स्वतःच म्हणायच्या. पनवेलच्या त्यांच्या सोसायटीतली तीन बाळं, एक पोपट आणि जिन्याखालची मांजर, सगळ्यांची नावं त्यांनीच ठेवलेली. त्यामुळे त्यांच्या एकुलत्या एका चिरंजीवाने, तेवीस वर्षांच्या अपूर्वने, शुक्रवारी घरी येऊन बातमी दिली तेव्हा त्यांनी पदरच खोचला. वाशीच्या कॉल सेंटरमध्ये नोकरी लागली होती, पण इंग्लंडच्या गिऱ्हाइकांशी बोलायला एक इंग्रजी नाव घ्यावं लागणार होतं!

"रविवारी संध्याकाळी सहाच्या आत साहेबांना एसएमएस करायचाय," अपूर्व म्हणाला. "एक नाव एकालाच. उशीर केला की उरलंसुरलं गळ्यात. मी पीटर पाठवून टाकतो."

"अर्थ काय त्याचा?"

"आई, फोनवर अर्थ कोण विचारतंय!"

झालं! बाईंनी त्याचा मोबाइल काढून घेतला आणि स्वतःच्या पर्समध्ये कोंबला. मग अबरारभाईंच्या सायबर कॅफेतून इंग्रज मुलग्यांच्या नावांचं, अर्थासकट, चांगलं बावीस पानी प्रिंटआउट आणवलं. यजमान दिनानाथराव डिक्शनरी घेऊन वाचायला बसले.

"पीटर म्हणजे दगड."

"बघ! पहिल्याच फटक्यात दगड!"

"कॅल्विन म्हणजे... टकलू." दिनानाथरावांनी स्वतःच्या डोक्यावरून हात फिरवला आणि घाईघाईने पान उलटलं. "कॅमेरॉन, वाकडं नाक. जॉर्ज, शेतकरी."

"शेतकरीच व्हायचं होतं तर बी.कॉम. कशाला केलं?"

"डग्लस म्हणजे काळं पाणी."

"अगंबाई! पोराला नोकरी लागलीये की जन्मठेप?"

शनिवारी दुपारी एकदाचं एडवर्ड सापडलं. संपत्तीचा राखणदार! बाई खूश, दिनानाथराव मोकळे.

"आता पाठवू?" अपूर्वने हात पुढे केला.

"असं कसं? आत्याने कानात सांगितल्याशिवाय नाव लागतं का कुठे?"

आत्या म्हणजे दिनानाथरावांची धाकटी बहीण, रोडपालीच्या अरुंधतीबाई. त्यांचं आणि वसुंधराबाईंचं बोलणं सणावारापुरतंच. तरी आमंत्रणाचा फोन गेला तशा त्या "येतेच!" म्हणाल्या. इतक्या पटकन की दिनानाथरावांना जरा धास्तीच वाटली.

रविवारी पाच वाजता घुगऱ्या शिजल्या, शेजारणी जमल्या. प्रश्न पाळण्याचा होता. तेवीस वर्षांचं, शहात्तर किलोचं बाळ ठेवायचं कुठे? शेवटी त्याला दिनानाथरावांच्या फिरत्या खुर्चीत बसवलं आणि शेजारच्या ताहिराभाभींनी ती मोठ्या हौसेने डावी-उजवी हलवायला घेतली.

"भाभी, हळू! चक्कर येतेय!"

"गप बस रे. सोन्यासारखं नाव मिळतंय ना!"

अरुंधतीबाई वाकल्या. "कुर्रर्र!" शेजारणींनी त्यांच्या पाठीत दणादण बुक्के घातले. अरुंधतीबाईंनी दम घेतला आणि अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल अशा आवाजात नाव सांगितलं.

"तुळशीराम!"

खुर्ची थांबली.

"वन्सं," वसुंधराबाईंचा आवाज चिरकला, "एडवर्ड ठरलं होतं ना?"

"तुमचं ठरलं होतं! माझ्या बाबांचं नाव तुळशीराम. तेवीस वर्षांपूर्वी ह्याच पोराच्या पाळण्याशी मी ते नाव घेऊन उभी होते. तुम्ही म्हणालात, फार जुनाट आहे. आणि मासिकातून कापलेलं 'अपूर्व' माझ्या हातात टेकवलंत! बाबा आठ दिवस धड जेवले नव्हते, वहिनी." बोलताबोलता अरुंधतीबाईंचे डोळे भरून आले.

वसुंधराबाईंना वाईट वाटलं. अगदी मनापासून वाटलं. पण बावीस पानं पालथी घातलेल्या बाईने माघार घ्यायची तरी कशी?

"अहो, पण इंग्रजाला म्हणता येईल का तुळशीराम?"

"दीडशे वर्षं इथे राज्य केलं ना? मग येईल!"

तिथून जे पेटलं ते विचारू नका! पहिल्या बारशाला आत्याला साडी कुठल्या रंगाची दिली, घुगऱ्या कोणी करपवल्या, सगळं निघालं. मधूनमधून खुर्चीतून "आई, मोबाइल! सहा वाजतायत!" असं कोणीतरी ओरडत होतं, पण बाळाचं कोण ऐकतंय? पर्स उघडली तेव्हा सात वाजायला वीस मिनिटं होती.

सोमवारी संध्याकाळी अपूर्व घरी आला आणि गुपचूप बूट काढायला लागला.

"कुठलं उरलं होतं रे?" वसुंधराबाईंनी भीत भीत विचारलं.

"डग्लस."

प्रिंटआउट बघायची गरजच नव्हती. वसुंधराबाई मटकन त्याच फिरत्या खुर्चीत बसल्या. मग बऱ्याच वेळाने उठून त्यांनी रोडपालीला फोन लावला.

"वन्सं," त्या अगदी खालच्या आवाजात म्हणाल्या, "मामंजींचं नाव चांगलंच होतं हो."

पलीकडून अरुंधतीबाई म्हणाल्या, "मग येऊ का रविवारी? खुर्ची आहेच!"