नेव्हिलची कॅसेट

"गारा पडल्या होत्या," नेव्हिल म्हणाला.

"पाऊस होता," डगल म्हणाला. "साधा, चड्डीपर्यंत भिजवणारा पाऊस."

"कॅसेट लावू का?"

एरवी वाद इथेच मिटायचा. 'टिन हार्बर' हा डनीडिनचा बँड जगभर नाव काढून पंच्याऐंशी साली घरी परतला आणि गावच्या रग्बी मैदानावर गायला, तेव्हा एकोणीस वर्षांच्या नेव्हिलने कोटाच्या खिशात टेपरेकॉर्डर लपवून सगळा कार्यक्रम टिपला होता. झिजेल म्हणून ती कॅसेट त्याने कुणालाच, अगदी स्वतःलाही, कधी ऐकवली नव्हती. पण तिच्या जोरावर दर जूनमध्ये, तिकडच्या ऐन हिवाळ्यात, त्याच्या घरी जुन्या चाहत्यांची बैठक बसली, की शेवटचा शब्द त्याचाच असे.

यंदा मात्र चाळीस वर्षं पुरी झाली होती आणि डगल हट्टाला पेटला होता. "लाव की मग! वर जाताना सोबत नेणार आहेस का?"

"लाव रे बाबा एकदाची," गरमागरम चीज रोलची थाळी ठेवत नेव्हिलची बायको मोराग म्हणाली. "आईने त्या दिवशी मला उंबरा ओलांडू दिला नाही. चाळीस वर्षं तुमच्याच तोंडून ऐकतेय मी."

हीटरजवळ विणत बसलेल्या तिच्या आईने, शहाऐंशी वर्षांच्या एफीने, मान वर केली नाही. "असल्या धिंगाण्याला सतरा वर्षांच्या पोरी जात नसतात."

नेव्हिलचा नाइलाज झाला. त्याने माळ्यावरचा टेपरेकॉर्डर काढला. त्या म्हाताऱ्या यंत्राने कॅसेट तोंडात घेतली आणि शेवया खाव्यात तशी फीत ओढायला सुरुवात केली. नेव्हिल असा किंचाळला, की शेजारचा कुत्रा भुंकू लागला. त्यांच्यातलीच बर्निस, पोस्टातून निवृत्त झालेली, शांत डोक्याची बाई. तिने पेन्सिल घालून फीत इंच इंच गुंडाळली. टेपरेकॉर्डर तोवर कायमचा गप्प झाला होता.

"माझ्या गाडीत चालतो," डगल म्हणाला. तो घरं रंगवायचा, आणि त्याची गाडी बँडच्याच वयाची होती.

सगळे अंगणात निघाले. "आई, बाहेर गारठा आहे, तू बस इथेच," मोराग म्हणाली.

"गाडीत हीटर आहे ना?" म्हणत एफी सगळ्यांच्या आधी पुढच्या सीटवर जाऊन बसली. मागे रंगाच्या डब्यांमध्ये तिघं कोंबली गेली आणि डगलने कॅसेट सरकवली.

आधी नुसता जल्लोष. हजारो माणसांचा. बर्निसने डोळे मिटले. डगलच्या हातावर काटा आला. मग गिटार वाजली, आणि तिच्यावर एक बोकड ओरडला.

"हे कोण?" डगलने विचारलं.

"मी," नेव्हिल म्हणाला.

टेपरेकॉर्डर थेट त्याच्या हनुवटीखाली होता. बँड पलीकडच्या गावात वाजत असावा तसा, आणि नेव्हिल मात्र शब्दन् शब्द, बेसूर, छाती फोडून. गाणं संपलं तेव्हा तरुण डगलचा आवाज आला, "काय रात्र आहे रे! आभाळात ढगाचा ठिपका नाही!"

गारावाला खिडकीबाहेर बघत होता, पाऊसवाला स्टिअरिंगकडे.

दुसरं गाणं सुरू झालं. बोकडही. आणि मागून एका बाईचा खणखणीत आवाज: "ए बोकडा! तोंड मीट, नाहीतर पर्स घालीन टाळक्यात! मी त्यांना ऐकायला आलेय, तुला नाही!"

हाच आवाज दर मंगळवारी नेव्हिलला कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायला सांगत असे. सगळ्यांच्या नजरा पुढच्या सीटकडे वळल्या. एफी हातमोज्याने काच पुसत होती.

"आई?"

"किती धुरकटलीय बघ ही काच."

"आई, माझं तिकीट शेगडीत टाकलं म्हणाली होतीस ना?"

"टाकणारच होते. मग म्हटलं, पोर कशापायी एवढी रडतेय ते बघून तरी यावं." एफीने पुन्हा काच पुसली. "वाईट नव्हतं गं."

"आणि मला घरी गाजरं सोलायला बसवलंस!"

"बटाटे होते."

मोरागने रागाने दाराचा खटका ओढला, पण मांडीवर रंगाचा डबा आणि खांद्यावर बर्निस, हलणार कुठे? ती तशीच धुमसत बसली. मग तिलाच राहवेना. "शेवटचं गाणं कुठलं गायले गं?"

उत्तर द्यायला नेव्हिलने तोंड उघडलं.

"तुम्ही गप्प बसा, जावईबापू," एफी म्हणाली. "तुम्ही गात होतात, मी ऐकत होते. लग्नात चर्चमध्ये प्रार्थना गायला तोंड उघडलंत, तेव्हाच ओळखलं होतं मी तुम्हाला."

डगलने न सांगता कॅसेट बंद केली. एफीने शाल सावरली आणि सांगायला लागली. गिटारवाल्याची तार कशी तुटली, गर्दीत त्याला त्याची आई दिसली तेव्हा गाणं कसं अडलं, आणि मग सगळ्या मैदानाने ते कसं हलकेच पुढे नेलं. डगलने उतरून घरातून चीज रोलची थाळी गाडीत आणली. बाकी उतरायचं नाव कुणी घेईना. मोराग पुढे वाकून आईच्या खांद्यावर हनुवटी टेकून बसली होती, आणि मागे रंगाच्या डब्यांत अंग चोरून बसलेला नेव्हिल चाळीस वर्षांत पहिल्यांदाच तो कार्यक्रम ऐकत होता.