थेंब आधी करमाळ्याला गेला

आमच्या भागात नव्या बाळाच्या टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबाला स्वतःत काही खोट आढळली, तर तो एसटीने बाळाच्या घरी येतो आणि बाळाच्या आईला तोंडी सांगतो. सगळं ठीक असलं तर नुसतं पत्र येतं. थेंबाला तिकीट लागत नाही आणि तो कंडक्टरच्या शेजारी बसतो. मी एसटीत एकतीस वर्षं वाहतूक नियंत्रक होतो, तेव्हा हे मला कोणी शिकवायला नको.

माझी मुलगी रोहिणी पहिल्या बाळंतपणाला माहेरी, म्हणजे आमच्याकडे फलटणला आली होती. मुलगी झाली. तिसऱ्या दिवशी रुग्णालयातल्या तडवी सिस्टरांनी बाळाची टाच टोचून जाड कागदावरच्या चार गोलांत चार थेंब घेतले. बाळ रडलं, रोहिणी रडली, मी उगाचच व्हरांड्यात एक चक्कर मारून आलो. थेंब वाळले की ते पुण्याच्या प्रयोगशाळेत जाणार होते. शरीरात जी एन्झाइम असायला हवीत ती सगळी आहेत की नाहीत, हे रक्तात काय साठलंय त्यावरून तिथे बघतात.

"पत्ता सांगा," सिस्टर म्हणाल्या.

मी ताठ उभा राहून करमाळ्याचा पत्ता सांगितला. घोलपांचं घर, रोहिणीचं सासर.

"पण पुढचा महिनाभर बाळ असणार कुठे?"

"इथेच, सव्वा महिना. पण बाळ त्यांचं आहे. पत्ता त्यांचाच लिहा."

"आजोबा, थेंब पत्त्यावर जातो. माणूस शोधत नाही."

"बरोबरच आहे त्याचं," मी म्हणालो.

मुलगी एकदा दिली की तिचा आणि तिच्या लेकराचा पत्ता सासरचा, ही आमच्याकडची पद्धत. व्याह्यांचं नाव कागदावर आधी यायला हवं, म्हणून मी सिस्टरांचा पेन अडवून शब्द न् शब्द नीट लिहून घेतला. जन्मभर लोकांना "गाडीची पाटी वाचून बसा" म्हणून ओरडलो, आणि स्वतःच्या नातीचा थेंब चुकीच्या गाडीत बसवला. याला काय म्हणायचं ते तुम्हीच म्हणा.

पाचव्या दिवशी बाळ पिवळं दिसायला लागलं. प्यायलेलं ओकायचं आणि मलूल पडून राहायचं. शालन, म्हणजे माझी बायको, म्हणाली की एवढी कावीळ सगळ्याच बाळांना होते, कोवळ्या उन्हात धरा. आम्ही उन्हात धरलं. बाळ अशक्त झालंय म्हणून रोहिणी दर दोन तासांनी आणखी नेटाने पाजायला लागली. ते दूधच बाळाला बाधत होतं. आम्हाला हे माहीत नव्हतं. थेंबाला माहीत होतं, आणि थेंब तेव्हा करमाळ्यात पाटावर बसला होता.

तिथे काय झालं ते मला नंतर घोलपांनी सांगितलं. थेंब दुपारी पोचला. रुपयाएवढा, वाळून तपकिरी झालेला, अंगावर तपासणीची दोन बारीक भोकं. विहीणबाई भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन दारात आल्या. थेंब म्हणाला, "पाणी नको. भिजलो तर आम्ही संपलो." त्यांनी पाणी बाजूला ठेवून नुसता तुकडा ओवाळला. पाटाभोवती रांगोळी काढली.

"बाळाची आई कुठे आहे?" थेंबाने विचारलं.

"माहेरी, फलटणला."

"मग आम्ही निघतो. घाई आहे."

"असं कसं? नातीकडून पहिल्यांदाच कोणी आलंय. जेवल्याशिवाय नाही जायचं."

थेंबाने घाई आहे असं तीनदा सांगितलं. आता आमच्याकडे घाई आहे असं प्रत्येकच पाहुणा म्हणतो आणि मग तीन पोळ्या जेवतो. कोणी मनावर घेतलं नाही. शेजारच्या बायका बघून गेल्या. थेंबाबरोबर पाठवायचं म्हणून विहीणबाईंनी झबलं शिवायला घेतलं, आणि ते काही संध्याकाळपर्यंत पुरं झालं नाही. थेंबाने मुक्काम केला.

सकाळी घोलप अंगणात दाढी करत होते. थेंब खिडकीतून म्हणाला, "आजोबा, आम्ही आग्रह करून घेत नव्हतो. आम्हाला जेवता येत नाही. आम्हाला खरंच घाई आहे."

म्हणजे आमच्या नातीच्या रक्ताने आजोबा अशी पहिली हाक घोलपांना मारली. ते असो.

"काही वाईट आहे का?" घोलपांनी विचारलं.

"अहवाल आईशिवाय कोणाला सांगता येत नाही."

घोलप काय समजायचं ते समजले. अर्धी दाढी तशीच ठेवून त्यांनी थेंब प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला, पिशवी वरच्या खिशात घातली आणि स्टँड गाठला. टेंभुर्णी, इंदापूर, बारामती अशा गाड्या बदलत ते दोन वाजता आमच्या दारात उभे राहिले. एका गालावर साबण वाळला होता. त्या माणसाचा मी जन्माचा ऋणी आहे.

रोहिणी बाळाला पाजत होती. घोलपांनी थेंब काढून तिच्यासमोर दुपट्यावर ठेवला, आणि नियम आहे म्हणून ते बाहेर जाऊन बसले. मीही उठलो.

"बाबांना राहू दे," रोहिणी म्हणाली.

"तुम्ही परवानगी देत असाल तर राहू देत," थेंब म्हणाला. "आधी बाळाला दुधापासून बाजूला घ्या."

तिने घेतलं. थेंबाचा आवाज बारीक होता, पण सांगणं एखाद्या हेडक्लार्कसारखं. "दुधात एक साखर असते. ती मोडायला शरीरात एक एन्झाइम लागतं. ते आमच्यात नाही. त्यामुळे ती साखर साठत चालली आहे. आणखी साठली तर यकृत जाईल, डोळे जातील, मग जीव. आत्तापासून दूध बंद. तुमचं, गाईचं, म्हशीचं, सगळं. सोयाबीनची पावडर द्यायची. ती रुग्णालयात पोचलेली आहे."

"आईचं दूध बाधतं, असं कुठे असतं का?" दाराआडून शालन म्हणाली. "सहा दिवस पितंय ते."

"म्हणूनच ते असं दिसतंय," थेंब म्हणाला.

शालनच्या म्हणण्याला जुनं वजन होतं. आमच्या घरात आजवर कोणी बाळाला आईपासून तोडलं नव्हतं. रोहिणी माझ्याकडे बघत राहिली. पत्त्याचा शहाणपणा करून बसलेला माणूस काय सल्ला देणार? बाळ पुन्हा तोंड उघडून शोधायला लागलं, आणि रोहिणीने ब्लाउजची बटणं लावली.

"बाबा, रिक्षा बोलवा," ती म्हणाली.

तडवी सिस्टर दारातच उभ्या होत्या. पावडरचा डबा त्यांनी उघडून ठेवला होता. पत्त्यावरून त्या मला चार शब्द बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

बाळाला सलाइन लावलं. दोन दिवस काही सांगता येत नाही असं डॉक्टर म्हणत होते. तिसऱ्या दिवशी बाळ भुकेने असं रडलं, की वॉर्डातल्या चार बाया उठून बसल्या. डोळ्यांतला पिवळेपणा उतरला. शालनने पहिली बाटली स्वतःच्या हाताने पाजली, आणि बाळ ओकलं नाही. मी थेंबाच्या पाया पडायचं ठरवलं. त्याला पाय नव्हते, म्हणून कागदाच्या कडेला बोट लावून ते कपाळाला लावलं.

"तुझे उपकार कसे फेडायचे आम्ही?" मी म्हणालो.

"घरच्यांचे कसले उपकार?" थेंब म्हणाला. "आईची पोचपावतीवर सही हवी. मग चारच्या गाडीने निघतो."

रोहिणीने पावती हातात घेतली, पण सही करेना. तिचं पातळ पुढून भिजलं होतं. दूध काही सांगून थांबत नाही.

"माझंच दूध तिच्या जिवावर उठलं," ती म्हणाली. "आणि मी दर दोन तासांनी उठून पाजत होते."

पहिल्यांदाच थेंब हेडक्लार्कसारखा बोलला नाही.

"आई, पहिले दोन दिवस तुम्ही पाजलं नसतं, तर आमच्यात काही साठलंच नसतं. पुण्यात त्यांनी मुख्य म्हणजे ती साखरच बघितली. ती दिसली नसती तर ते म्हणाले असते, सगळं ठीक आहे. मग घरी पत्र आलं असतं, आणि तुम्ही पाजत राहिला असता. ते दूध अजून आमच्यात आहे. त्यानेच सांगितलं."

रोहिणीने सही केली. मग थेंब तळहातावर घेतला आणि ती त्याच्याकडे बघत बसली.

मी स्टँडवर गेलो. एकतीस वर्षांत मी कोणासाठी गाडी थांबवली नव्हती, आमदारासाठीसुद्धा नाही. त्या दिवशी पुण्याची चारची गाडी अकरा मिनिटं उभी केली. आत माणसं भरलेली होती. माझी मुलगी तिच्या मुलीच्या थेंबाला निरोप देते आहे, एवढं मी कंडक्टरला सांगितलं. त्याने इंजिन बंद केलं आणि शेजारची सीट रुमालाने पुसून ठेवली.